एका खुंटीवरचे दोन कोट

"आमची अंगाई चोरीला गेलीय," केर्त्तू कोट न काढताच म्हणाली. "आणि चोर माझा दीर आहे."

हिल्पा वुओरेलाने कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवला. बेकरीवरच्या या खोलीत खाजगी तपासाची बरीच कामं आली होती, पण अंगाई पहिलीच. तिचा सहकारी मानू, एकेकाळचा टॅक्सीवाला, वेलदोड्याचा पाव चघळायचा थांबला.

केर्त्तू आणि तिचा दिवंगत नवरा तैस्तो नाचघरात गात. गावातल्या जुन्या गायकांच्या फिती आता एका अ‍ॅपवर ऐकता येत. फितींचा संग्रह तिचा दीर उर्हो सांभाळायचा. दोन नावांवर खूण केली की दोघांची एकत्र गाणी येत. शरदात अ‍ॅपची नवी आवृत्ती आली आणि ही जोडगाणी गायब झाली.

"रविवारी नातीचं बारसं आहे. तिच्या आईला त्याच अंगाईनं झोपवलं होतं आम्ही. उर्हो धर्मपिता होणार होता. आता उंबरा चढू देणार नाही!"

"दाखवा," हिल्पा म्हणाली.

केर्त्तूने आधी तैस्तोवर खूण केली, मग स्वतःवर. यादीत फक्त तिची एकटीची गाणी.

"त्यांचं नाव नेहमी आधी?"

"दारावरच्या पाटीवर तसंच आहे, बाई."

हिल्पा आणि मानू उर्होच्या घरी पोचले तेव्हा तो लाकडं फोडत होता.

"मी काढली? फिती संग्रहात जागच्या जागी आहेत, येऊन बघा. वहिनीनंच अ‍ॅपवाल्या पोरीला सांगून लपवल्या असतील. हल्ली दुसऱ्याबरोबर नाचायला जाते ना!" त्याने फोन काढला. "वहिनीचा मान पहिला," म्हणत केर्त्तूवर खूण केली, मग तैस्तोवर. यादीत एकटा तैस्तो. "बघा. बाई स्वतःच पळून गेली."

"दोघांतलं कोणीतरी खोटं बोलतंय," मानू गाडीत म्हणाला.

"किंवा कोणीच नाही," हिल्पा म्हणाली.

अ‍ॅप लिहिणारी ईरिस बाल्कनीत उभी होती. इथल्या रीतीप्रमाणे तिचं बाळ बाहेरच्या थंडीत, बाबागाडीत गाढ झोपलं होतं.

"लपवायला मला कोणी सांगितलं नाही. हा झोपला की मी कामाला बसते. नव्या आवृत्तीत नुसती आवराआवर केली. फोन सर्व्हरला पत्ता पाठवतो, त्याच्या शेपटाला आपली विचारणा असते: गायक कोण, गाव कुठलं. पूर्वी ती तुकड्या-तुकड्यांनी जोडलेली होती. आता सगळी एका कोशात, म्हणजे कप्प्यांच्या पेटीत, ठेवलीय. 'गायक' हा एक कप्पा, 'गाव' हा दुसरा."

"तपासलंस?"

"प्रत्येक गायक निवडून बघितला. चोख चाललं."

शनिवारी हिल्पाने सगळ्यांना केर्त्तूच्या स्वयंपाकघरात बोलावलं. दीर-भावजय टेबलाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे न बघता. मानू शेवटी आला. हिल्पाचा कोट होता त्याच खुंटीवर त्याने आपला अडकवला. हिल्पाचा खाली पडला.

"अरे, माझा कोट! पण राहू दे तसाच," हिल्पा हसली. "चोरी अशीच झालीय."

"मी चोर?" मानू दचकला.

"खुंटी चोर. केर्त्तू नवऱ्यावर आधी खूण करते, उर्हो वहिनीवर. तिच्या फोनवर एकटी ती उरते, त्याच्या फोनवर एकटा तैस्तो. म्हणजे दरवेळी शेवटचं नाव उरतं. कोणी गाणी काढली असती, तर दोन्ही फोनवर सारखंच दिसलं असतं. ईरिस, 'गायक' या कप्प्यात दुसरं नाव टाकलं की पहिल्याचं काय होतं?"

ईरिसने तोंडावर हात ठेवला. "पुसलं जातं. सर्व्हरला एकच नाव पोचतं, तो एकट्याची गाणी देतो. मी एकेकच निवडून बघितलं हो!"

"आणि फिती?"

"संग्रहात, म्हणालो होतो ना," उर्हो पुटपुटला.

ईरिसने लॅपटॉप उघडला. पायाने बाबागाडी हलवत तिने कोश काढून टाकला आणि प्रत्येक नाव वेगळं, रांगेत लिहिलं: गायक तैस्तो, गायक केर्त्तू. आता दोन्ही नावं सर्व्हरपर्यंत पोचतील.

"भाऊजी," केर्त्तू टेबलाकडे बघत म्हणाली, "उद्या बूट पुसून या. मागच्या बारशाला चिखल आणला होतात."

"आणि तो नाचणारा येणार का?"

"त्याला गाता येत नाही."

तिने दोन नावांवर खूण केली. फोनमधून आधी किटलीची खुडबुड आली, याच स्वयंपाकघरातली. मग घसा खाकरणं, आणि तैस्तोचा हळू आवाज, झोपणारं मूल जागं होऊ नये असा:

"केर्त्तू, तू आधी."

आणि बाबागाडीतल्या बाळाकडे बघत केर्त्तूने गायला सुरुवात केली.