आठ जानेवारीचा परिपाठ

आमच्या शाळेत दिनविशेष नुसता फळ्यावर लिहून भागत नाही. परिपाठाला त्या दिवसाचा शास्त्रज्ञ स्टेजवर उभा राहतो आणि स्वतःच्या तोंडाने सांगतो, ‘मी अमुक, माझा जन्म या दिवशी, माझा मृत्यू या दिवशी.’ हा नियम माझा. ‘ते थोर होते, त्यांनी शोध लावला’ असलं मिळमिळीत मला चालत नाही. विज्ञान शिकवते मी, कीर्तन करत नाही.

आठ जानेवारी म्हणजे गॅलिलिओ गेला तो दिवस. सहावीतली एंजल पाठांतराला एक नंबर, म्हणून कापसाची दाढी तिलाच लावली. तालमीत तिने एक वाक्य पदरचं घातलं. ‘शेवटी शेवटी मला काहीच दिसत नव्हतं.’ गोष्ट खरी आहे, पण मी दिलेल्या भाषणात नव्हती. मोबाईलवर वाचलं असेल म्हणून मी तिला शाबासकी दिली.

पुढच्या आठवड्यात तिची आई वर्गाच्या दारात उभी. मरिया कोल्हारच्या बाजारात भाजी विकते, एरवी शाळेकडे फिरकत नाही.

‘बाई, पोरगी भिंत चाचपत चालती. नगरला डोळे दाखवले. डॉक्टर म्हनतो, डोळ्यांत काई दोष न्हाई.’

‘मग झालं तर. सोंग करतेय ती.’

‘ते काम दुसऱ्या कुनाला तरी द्या. मला माजी पोर हुती तशी पायजे.’

ऐन वेळी कुणाला देणार, कपाळ? माझं डोकं फिरलं. ‘कार्यक्रम झाला की दाढी उतरेल आणि सोंगही उतरेल. लाडावून ठेवलीय नुसती.’

आठ तारखेला सकाळी गार वारं सुटलं होतं. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या धडधडत चालल्या होत्या, तरी एंजलचा आवाज पार फाटकापर्यंत पोचला. तिथे मरिया पदर घट्ट लपेटून उभी होती.

‘माझा मृत्यू आजच्याच दिवशी झाला.’

टाळ्या पडल्या. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

टाळ्या थांबल्या, तरी ती उतरेना.

‘एंजल, झालं. खाली ये.’

तिने ओ दिली नाही. मी वर जाऊन दाढी ओढून काढली. खालचा चेहरा एंजलचाच होता. नजर मात्र माझ्यावर ठरत नव्हती.

मरिया पोरांना बाजूला सारत स्टेजवर चढली. ‘एंजल, बग की, मी मम्मी.’

एंजलने हात पुढे केले. आईचं कपाळ, नाक, हनुवटी बोटांनी चाचपली. मग तिचा चेहरा फुलला.

‘मरिया,’ ती म्हणाली. ‘पोरी, तू तर माझ्या आधी गेलीस.’

गॅलिलिओची लेकही मरियाच, ती बापाच्या आधी वारली होती. हे मी वर्गात कधीच सांगितलेलं नाही.

एंजलच्या आईला खाली उतरवावं म्हणून मी तिचा हात धरला. गार पडला होता. मनगट दाबून पाहिलं, नाडी लागेना. छाती हलत नव्हती.

एंजलने तिचा दुसरा हात धरून ओढलं, तशी मरिया मुकाट्याने तिच्यामागे चालायला लागली.