मधलं ठाणं

घरात तिला मधली म्हणायचे. वर ताई, खाली धाकटा आणि मधे ही. पुढे शिकून-सवरून तिने नोकरी धरली तीही एका जाळ्याच्या मधल्या ठाण्यावर. तेव्हा आई म्हणाली होती, "नशिबात असतं ते काही चुकत नाही गं बाई." मधलीला हसू आलं होतं. नशीब मानणाऱ्यातली ती नव्हती. जी गोष्ट मोजता येत नाही तिच्याबद्दल माणसाने जरा आवाज खाली ठेवून बोलावं, असं तिचं मत होतं.

ठाणं म्हणजे गावाबाहेरची एक बसकी इमारत. आत थंडगार खोली, खिडकी नाही, दाराला जाड रबराची पट्टी. मधोमध लोखंडाचं जड टेबल हवेच्या पायांवर तोललेलं, म्हणजे बाहेरून ट्रक गेला तरी वरच्या आरशांना पत्ता लागू नये. दोन बाजूंनी केसाएवढ्या बारीक दोन काचेच्या तारा आत यायच्या. एक बंदराच्या शहरातून, दुसरी डोंगरातल्या गावातून.

काम सांगायला सोपं होतं. प्रकाशाचे कण जुळे जन्माला घालता येतात. एकाला काही विचारलं की दुसरा कितीही लांब असो, त्याचं उत्तर पहिल्याशी जुळतं. अशी जुळी दूरच्या दोन गावांना वाटायची, म्हणजे पुढेमागे त्यांच्या भरवशावर कुणालाही न फोडता येणारे निरोप पाठवता येतील, हा सगळा खटाटोप. पण काचेच्या तारेत कण गळतात, फुटक्या घागरीतल्या पाण्यासारखे. थेट पाठवायला गेलं तर पोचेपर्यंत हाती काही उरत नाही. म्हणून मधे ठाणं. बंदरातल्या जोडीतला एक कण बंदरातच राही, दुसरा मधलीकडे येई. डोंगरातल्या जोडीचंही तेच. आपल्याकडे आलेल्या त्या दोघांना मधलीने एकत्र आणून एकदाच मोजायचं. त्या मोजणीत ते दोघे संपत आणि टोकांवर उरलेले दोघे, ज्यांची कधी गाठभेट झालेली नाही, ते एकमेकांचे जुळे होत. मग जोडणी झाल्याचा निरोप दोन्हीकडे धाडायचा. कमीत कमी कण वाया घालवून जास्तीत जास्त जोडण्या करण्यात मधलीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"आणि त्या मधल्या दोघांना काय मिळतं?" आईने एकदा विचारलं होतं.

"काही नाही. ते संपतात."

"म्हणजे आपल्या घरासारखंच म्हण की," आई म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

आई बोलली ते खोटं नव्हतं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ऑपरेशन नको, या वयात झेपायचं नाही, असं ताई म्हणत होती. धाकट्याने ऐकलं नाही. स्वतः गाडी चालवत बाबांना इस्पितळात घेऊन गेला आणि बाबा काही परत आले नाहीत. इस्पितळाच्या पायऱ्यांवर, चार लोकांदेखत, ताई त्याला म्हणाली, "तू मारलंस त्यांना." त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. ताई बंदराच्या शहरात शिवणकामाचं दुकान चालवायची, धाकटा डोंगरातल्या गावात लोकांना गाडी शिकवायचा आणि मधली दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे वाहायची. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. मधलीला झालेला लाभ आजवर कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता.

तिच्यापाशी दोघांची एकेक गोष्ट होती. ऑपरेशनच्या सकाळी बाबांनीच धाकट्याचा हात धरून म्हटलं होतं, "ने मला. वाचलो तर वाचलो, नाही तर सुटलो. आणि ताईला सांगू नकोस, ती जाऊ द्यायची नाही." हे धाकट्याने आयुष्यात एकदाच, मधलीला सांगितलं होतं, शपथ घालून. आणि ताईने एकदा शिवता शिवता मशीन थांबवून तिला म्हटलं होतं, "पायऱ्यांवर मी तसं बोलायला नको होतं गं. पण त्याला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." मधलीने शपथा पाळल्या, पण आडून आडून दोघांना सुचवून पाहिलं होतं. दोघांचं उत्तर एकच. "तुझं काय, तू दोन्हीकडे गोड बोलतेस." निरोप्याचं खरं कुणी धरत नाही.

आता आईचं हृदय थकलं होतं. डॉक्टर बोलताना नजर चुकवायला लागले होते. आईचं मागणं एकच होतं. दोघांना एकदा एका खोलीत, समोरासमोर बसलेलं बघायचं.

तेवढ्यात बंदर आणि डोंगर या दोन्ही टोकांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. कणाला कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवायला दोन्ही टोकांना एकेक माणूस बसवलेला असे. समोर दोन बटणं. मनाला येईल ते दाबायचं. यंत्राची लहर शेवटी यंत्राचीच, असं ठाण्याच्या मॅडमचं म्हणणं, म्हणून माणसं. नियम एकच होता. दोन टोकांच्या माणसांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसावा. काम इतकं कंटाळवाणं की माणसं टिकत नसत. मधलीने ताईची आणि धाकट्याची नावं सुचवली. बहीण-भाऊ आहेत हे तिने लपवलं नाही. मॅडमनी भुवया उंचावल्या तेव्हा म्हणाली, "इतकी वर्षं एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत. यांच्याहून परकी माणसं मी कुठून आणू?" मॅडम हसल्या आणि हो म्हणाल्या. त्यांनाही हिशेब पटला. ठाण्यात बसणाऱ्या या माणसांना परकेपणा म्हणजे बोलणं नसणं एवढंच वाटत होतं.

ताईला आणि धाकट्याला पलीकडे कोण बसलंय ते सांगितलं नव्हतं. मधलीच्या मनात होतं, एक दिवस दोघांना सांगू, बघा, तुम्ही दोघांनी मिळून हे केलंत. हसतील. हसले की येतील.

पहिले काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी लेसरवाला तिच्या टेबलाशी आला. लेसर सांभाळणारा हा म्हातारा सहकारी एरवी बडबड्या, त्या दिवशी मात्र थर्मासचं झाकण उघडझाप करत उभा राहिला.

"बटणं जुळतायत," तो म्हणाला.

"कण जुळतायत, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"कण तर जुळणारच. बटणं म्हणतोय मी. हात. ती जे दाबते तेच तो दाबतो. सगळं नाही, पण रोज थोडं जास्त."

मधलीने आकडे पाहिले, तारा तपासल्या, घड्याळं तपासली. कुठून कुठे काही झिरपत नव्हतं. खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती. आरशांवरची टोपणं लावताना तिला वाटलं की कुणीतरी आपल्या दोन्ही खांद्यांना हळूच धरून दोन बाजूंना ओढतंय. मान अवघडली असेल, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती सहज म्हणाली, "बाबांनीच सांगितलं होतं ना त्याला, ने म्हणून?"

मधली उठून उभी राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? मला माहीतच आहे. वाचलो तर वाचलो, नाही तर सुटलो, म्हणाले. मी मूर्ख, उगाच त्या पोरावर..." ताईला पुढे बोलवेना. ती रडत होती. मागे शिवणयंत्र बंद होतं.

फोन ठेवल्यावर मधलीला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण धाकट्याने ही गोष्ट आपल्याला कुठे सांगितली होती, हे ती आठवायला गेली आणि तिला काहीच सापडेना. अंगण होतं की गाडी? त्याचा चेहरा कसा होता? ताईने आत्ता सांगितलं तेवढंच तिच्यापाशी होतं. स्वतःचं असं काही उरलं नव्हतं. बाबांचा आवाजही आठवेना. भिंतीवरून चौकट काढल्यावर राहतो तसा नुसता चौकोन होता.

त्या संध्याकाळी ती आईकडे गेली. आई उशांना टेकून बसली होती, गालावर जरा रंग होता.

"ताईचा फोन आला होता. येते म्हणाली रविवारी. आता तो हो म्हणाला की झालं. माझी दोन्ही लेकरं एका खोलीत बघितली की मी सुटले."

"दोन्ही? आणि तिसरं कुठे गेलं?" मधली हसत म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं. कपाळाला आठी घालून, स्टेशनवर ओळखीचं कुणी दिसल्यासारखं वाटावं तसं. मग म्हणाली, "अगं, तू तर आहेसच." पण मधे जो वेळ गेला तो गेलाच. मधलीने पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

तिने धाकट्याला फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"मी आहे रे."

"मी म्हणजे?" आणि मग, जरा ओशाळून, "हां, हां. मधली. बोल ना."

तिने रविवारचं सांगितलं. "मला खुनी म्हणाली ती," तो म्हणाला. " चार लोकांत. तिला वाईट वाटलंय हे मला कळलं असतं तर गोष्ट वेगळी. नाही तर मी नाही येणार. आईला सांग, गाडी बिघडलीय."

"तिला वाटतं रे वाईट."

"तू गोड बोलतेस," तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी लेसरवाला आत आला तो हात पुसत.

"सगळी जुळतात आता. एकही चुकत नाही. मॅडम म्हणतायत, बंद करा. कायमचं."

"आत्ता?"

"आत्ता. तू बरी आहेस ना? आज सकाळी दारावरच्या माणसाने तुला नाव विचारलं म्हणे."

"नवीन असेल तो."

"नवीन कुठला? आपल्या आधीपासून आहे." त्याने थर्मास खाली ठेवला. "मी तरी तुला ओळखतो ना? ओळखतो. पण आठवून ओळखावं लागतं."

तो मुख्य बटण बंद करायला पलीकडच्या खोलीत गेला.

टेबलावर शेवटची जोडी येऊन थांबली होती. एक बंदराकडून, एक डोंगराकडून.

मधलीला सगळं स्वच्छ दिसलं. ताईला जे हवं होतं ते तिच्याकडे गेलं. धाकट्याला जे हवं होतं ते अजून इथेच होतं. शिवता शिवता थांबलेलं मशीन, ताईचा खाली गेलेला चेहरा, ते वाक्य. त्या दोघांमधलं एवढं एकच तिच्यापाशी उरलं होतं.

तिला भीती वाटली. साधी, लहान मुलीला अंधाराची वाटते तशी.

आईच्या गालावरचा रंग तिला आठवला.

तो आठवतोय तोवरच करायला हवं, असं तिने स्वतःला सांगितलं.

तिने दोघांना एकत्र आणलं आणि मोजलं.

पलीकडून आवाज आला, "झालं का गं?"

झालं, असं ती म्हणाली. काय झालं ते तिला सांगता आलं नसतं. मग तिने दोन्हीकडे निरोप धाडला, कारण तो धाडायचाच असतो.

रविवारी दुपारी मधली एका इमारतीचा जिना चढत होती. हातात संत्र्यांची पिशवी होती. इथे कुणाला तरी काहीतरी कळवायचंय, एवढंच तिला ठाऊक होतं. एका पायरीचा कोपरा फुटलेला होता, पण तिचा पाय खाली न बघताच तो चुकवून वर गेला. वरून हसण्याचा आवाज येत होता.

खोलीत पलंगावर एक म्हातारी उशांना टेकून बसली होती. एका बाजूला गळ्यात शिवणकामाची टेप अडकवलेली एक बाई, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ. दोघांनी म्हातारीचा एकेक हात धरला होता. तिघांचेही डोळे रडून लाल झाले होते आणि तिघेही हसत होते. मधलीला फार बरं वाटलं. इतकं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. परक्यांचं सुख पाहून आपल्याला इतकं का भरून येतंय, ते तिला कळेना.

"या ना, या," गृहस्थ उठून म्हणाला. "तुम्ही त्या ठाण्यावरच्या बाई ना? फोनवर बोलायचो आपण." त्याने तिला खुर्ची दिली.

तिने संत्री म्हातारीच्या उशाशी ठेवली.

"कशाला हो त्रास घेतलात?" म्हातारी म्हणाली. तिने मधलीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "दमलेल्या दिसता. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

मधलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते तिघेही अदबीने वाट पाहत होते.

"आहेत," ती शेवटी म्हणाली. "आहेत सगळे."

"असू देत," म्हातारी म्हणाली. "माणसाला माणूस हवंच."

टेपवाली बाई चहा ठेवायला उठली आणि दाराशी थबकली. तिने दाराकडे पाहिलं, मग दाराच्या लॅचकडे, मग मधलीकडे.

"मी मघाशी आतून लावून घेतलं होतं की हे. तुम्ही आत कशा आलात?"

मधलीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मुठीत एक किल्ली होती, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली, तिच्या हाताच्या उबेने गरम. ती कुणाची आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिने मूठ मिटून घेतली.

"उघडंच होतं," ती म्हणाली.