भोंग्याशेजारचं बटण

"बाई, आहात तिथेच थांबा. पाय उचलू नका."

तिनं तो उचललाच होता. तो तसाच हवेत राहिला. वाऱ्यानं उडालेला रुमाल धरायला ती दोरी ओलांडून गवतात शिरली होती. रुमाल पुढे झुडपाला अडकून मजेत फडफडत होता आणि ही एका पायावर बगळ्यासारखी उभी.

"किती वेळ?" मागे न पाहता तिनं विचारलं.

"मी पोचेपर्यंत."

"मग लवकर या ना..."

"लवकर येणारे आमच्या धंद्यात टिकत नाहीत."

आवाजात हसू होतं. लांब दांड्याचं यंत्र जमिनीलगत फिरवत तो वीतवीत पुढे सरकत होता. तिच्याजवळ येताच यंत्र किरकिरलं. तिनं डोळे मिटून आठवतील तेवढी देवाची नावं घेतली. त्यानं गुडघ्यावर बसून बोटांनी माती दूर केली... आणि वर धरला एक गंजलेला चमचा.

"कुणा शिपायाचा असेल. टेका आता पाय."

"इथे माझा जीव जायची वेळ, आणि तुम्हाला चमचा!"

"चमचाच निघू दे, असं तर रोज देवाला सांगतो, बाई."

ते मैदान कालपरवापर्यंत लष्कराचं होतं. लढाऊ विमानं गेली, आता प्रवाशांची यायची होती. विमानांची भलीमोठी शेड प्रतीक्षागृह झाली, दारूगोळ्याच्या कोठारात सामानाचे पट्टे बसले. जुन्या हिरव्या-करड्या रंगावर पांढरा चढवला, तरी खालचा डोकावायचाच. तिला नोकरी लागली ती उद्घोषणेची, बसायला मिळाली जाड भिंतींची जुनी खोली. टेबलावर नवं बटण होतं, दाबलं की मंजुळ घंटी वाजे. त्याच्या शेजारी जुनं, हल्ल्याच्या भोंग्याचं. ते काढायचं काम वायरमन रोज उद्यावर ढकलत होता.

तो भोंगा ऐकतच ती मोठी झाली होती. वाजला की तळघर. तिथल्या अंधारात वडील देवाच्या कथा गाऊन सांगत, भोंग्यापेक्षा मोठ्या आवाजात. वडील गेले, भीती मात्र घरातच राहिली.

आणि हा माणूस त्याच मैदानात पुरून राहिलेले बॉम्ब शोधत होता. दबक्या चालीमुळे सोबती त्याला 'बोका' म्हणत.

"भीती नाही वाटत?" एकदा तिनं खोलीच्या झरोक्यातून विचारलं.

"वाटते ना. रोज सकाळी तिला कट्ट्यावर बसवतो, म्हणतो — बस हं, आलोच."

"आणि कधी आला नाहीत तर?"

तो नुकत्याच साफ केलेल्या तुकड्यावर गेला आणि सगळ्यांदेखत पाय आपटत चालू लागला. तो त्यांचा नियमच होता. ज्यानं जमीन साफ केली, त्यानंच आधी चालायचं, एकट्यानं. मग बाकीचं जग. तो चालायचा तेव्हा तिला श्वास घेववत नसे.

आईच्या लक्षात यायला कितीसा वेळ! "अगं, ज्याचं संध्याकाळी घरी येणं देवाच्या हवाली, त्याला मुलगी देऊ मी?" ती म्हणाली. तो तर कधी काही बोललाच नव्हता. बहुधा त्याच कारणानं.

शेवटच्या तुकड्यात मोठा बॉम्ब निघाला, प्रवासी जिथून विमानाकडे चालत जाणार नेमका तिथे. इमारत रिकामी केली. ती तेवढी जाड भिंतींच्या खोलीत, लोकांना सूचना द्यायला. झरोक्यातून तो दिसत होता, पालथा पडलेला, दोन्ही हात खड्ड्यात. तेवढ्यात सोबत्यानं लाल निशाण हलवलं. कुंपणापलीकडच्या लोकांना आणखी मागे न्यायचं होतं. बोलण्याआधी घंटी द्यायची. घाईत तिचं बोट शेजारच्या बटणावर पडलं... आणि भोंगा वाजला.

देवा! गावात धडाधड दारं मिटली. बटण पुन्हा पुन्हा दाबलं, भोंगा थांबेना. तिकडे तो... त्याचे खांदे दचकले का? तिनं माईक ओढला.

"लोकहो, हल्ला नाही, चुकून वाजलाय. सगळे मागे सरका! आणि बोका... अहो, हात हलवू नका. मीच आहे. इथेच आहे."

भोंगा तिचे शब्द गिळत होता. तशी ती वडिलांसारखी गाऊ लागली. आवाज फाटत होता, सूर केव्हाच सुटला होता — 'ज्यानं रात्र केली, त्याच्याच ओंजळीत पहाट...' तेच पुन्हा पुन्हा. भोंगा कण्हत, ओसरत थांबला, तरी ती गातच होती. डोळे उघडायचा धीर होत नव्हता.

उघडले तेव्हा पांढरं निशाण वर होतं, धोका टळल्याचं.

ती धावत बाहेर आली. तो दोरीशी उभा, चेहरा मातीनं माखलेला.

"माझ्यामुळे तुमचा हात सुटला असता!" ती रडू लागली.

"सुटणारच होता. पण तू इतकं बेसूर गायलीस... हसू आवरायलाच सगळं लक्ष लागलं, थरथरायला उरलंच नाही."

'तू' तिनं ऐकलं. त्यानंही.

"आता चालायचंय," तो म्हणाला. "नियमानं एकट्यानंच." तो गेला, सगळा तुकडा पाय आपटत चालून आला, आणि दोरी तिच्यासाठी वर धरून उभा राहिला. हात आता थरथरत होते. "आता... येतेस? मागून नको. बरोबरीनं."

"आणि भीती?"

"तिलाही आण. कट्ट्यावर एकटी कंटाळते बिचारी."

ती दोरीखालून आत शिरली. दोघं अंतर राखून, अवघडून चालू लागली. एवढ्यात कुंपणापाशी धापा टाकत आई पोचली. तळघरातून तशीच उठून, एकाच पायात चप्पल. नवऱ्याचं गाणं तिनं तळघरात ऐकलं होतं, मुलीच्या फाटक्या आवाजात. तिनं डोळे पुसले, दोघांकडे पाहिलं आणि मैदानभर ऐकू जाईल असं ओरडली,

"अहो, हात तरी धरा तिचा! खड्डा आहे पुढे!"