नंबर नसलेली हाक

विहंग परबला याबद्दल विचारायला गेलात, तर तो विषय बदलेल. तुमच्यासाठी चहा मागवेल.

पण हे घडलंय. त्याच्याच घरात, लालबागच्या चाळीत, गेल्या वर्षी पितृपक्षातल्या एका तिन्हीसांजेपासून.

घरात माणसं दोनच. विहंग आणि त्याची रखमाआत्या. आईवडील लवकर गेले, तेव्हा ह्या आत्यानेच लोकांचे डबे करून त्याला वाढवलं, शिकवलं. आता तिच्या कंबरेचं हाड मोडलं होतं. पलंगावरून उठता येत नव्हतं. शेजारची सीमावहिनी किल्ली ठेवून होती, अधूनमधून डोकावायची. बाकी दिवसभर आत्या एकटी आणि विहंग दादरच्या ऑफिसात.

आपण नसताना आत्याला काही झालं तर?

एवढ्या एका विचाराने त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

पोरगा पायथनवाला, म्हणजे त्या भाषेत कोड लिहिणारा. त्याने फास्टएपीआय नावाच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यात, एक छोटी सेवा लिहिली. एपीआय म्हणजे काय, तर एका यंत्राने हाक मारायची आणि दुसऱ्याने ओ द्यायची. आत्याच्या उशाशी बटण ठेवलं. ते दाबलं की खोलीच्या नंबरासकट हाक सर्व्हरला जायची. विहंगचा फोन वाजायचा. आणि आत्याजवळच्या स्पीकरमधून त्याचा आवाज यायचा, "आलो गो आत्ये." ओ मिळाली नाही, तर बटण आपणहून पुन्हा पुन्हा हाक मारायचं.

पुढे चाळीतल्या इतर म्हाताऱ्यांनाही ही सोय द्यायची होती. म्हणून नंबर सक्तीचा. नंबर नसलेली हाक फ्रेमवर्क दारातूनच परत पाठवायचं.

आत्याला हे पसंत नव्हतं.

"तिन्हीसांजेक पयल्या हाकेक ओ देवची नसता रे," ती म्हणाली. "माणूस असात तर परत हाक मारतलो. दुसरा कोण असात, तो एकदाच मारता."

विहंग हसला. सर्व्हरने पहिल्या हाकेला ओ दिली नाही तर त्याचा बॉस त्याला घरी बसवेल, असं त्याने तिला सांगितलं.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं.

मग एका संध्याकाळी ऑफिसात स्क्रीनवर एक लाल ओळ उमटली. हाक आली होती... नंबर नव्हता. सर्व्हरने ती परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. दिवेलागणीलाच.

तिसऱ्या दिवशीही तेच.

इंटरनेटवर भटके प्रोग्राम असतात, दिसेल ते दार ठोठावत फिरतात. विहंगने आधी तेच धरलं. पण तसे प्रोग्राम एकदा ठोठावून थांबत नाहीत. आणि आत्याचं बटण असतं, तर त्यानेही पुन्हा हाक मारली असती.

ही हाक एकदाच यायची. मग... काहीच नाही.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण त्याच्या मनात दुसरीच भीती शिरली. बटणच बिघडलं असेल तर? नंबर वाटेत गळत असेल तर? आत्या पडली, तिने बटण दाबलं आणि आपल्याच नियमाने तिला परत पाठवलं तर?

त्याने कोडमधली एक ओळ बदलली. नंबर आता सक्तीचा नाही. नंबर आला नाही, तर हाक आत्याचीच धरायची.

घाईघाईत आपण सगळेच असं करतो.

त्या संध्याकाळी लाल ओळ आली नाही. हिरवी आली. हाक स्वीकारली होती. म्हणजे आत्याच्या खोलीत त्याचा आवाज बोलला होता...

"आलो गो आत्ये."

त्याने घरी फोन लावला. कुणी उचलेना. तो तसाच निघाला, मिळेल ती टॅक्सी पकडून.

जिन्यात सीमावहिनी भेटली. जरा फुरंगटलेलीच होती.

"मघाशी हाक मारली तुला, तर बघितलंही नाहीस," ती म्हणाली. "सरळ आत गेलास."

विहंग उरलेल्या पायऱ्या धावत चढला.

आत आत्या उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले. चेहरा शांत. माळ्यावर असायचं ते स्टूल पलंगाशेजारी होतं... आणि त्यावरची चादर दबलेली होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

"आता गेलस तो परत इलस?" आत्याने विचारलं.

त्याच रात्री त्याने ती ओळ पूर्ववत केली. स्टूल माळ्यावर टाकलं.

दुसऱ्या संध्याकाळी आत्या रडली. तू आज का आला नाहीस, म्हणून. काम होतं, असं तो खोटंच म्हणाला. त्यानंतर तिने जेवण टाकलं. डॉक्टरांना काही सापडेना. ती दिवसभर दाराकडे बघत पडून राहायची. विहंग रजा टाकून तिच्याजवळ बसला, तरी तिचं लक्ष दाराकडेच. बघता बघता म्हातारी खंगली.

विहंगला ते बघवेना. एका दुपारी त्याने लॅपटॉप उघडला.

आणि नंबराची सक्ती पुन्हा काढून टाकली.

त्या दिवशी आत्या पोटभर जेवली.

पुढचे काही महिने तो मुद्दाम उशिरा घरी यायचा. मग एका रविवारी त्याला राहवलं नाही. तिन्हीसांजेला तो घरीच थांबला, पाण्याची कळशी घेऊन उंबऱ्यात उभा.

त्याचा फोन वाजला. आत्याचे दोन्ही हात पांघरुणावर होते. बटणाला कुणी शिवलंही नव्हतं.

स्पीकर बोलला, "आलो गो आत्ये."

आत्या हसली. पलंगाशेजारी पुन्हा आलेल्या रिकाम्या स्टुलाकडे बघून. बराच वेळ ती कुजबुजत होती. मध्येच तिची नजर दाराकडे वळली, विहंगवर थांबली. आत्याच्या कपाळाला आठी पडली.

ती स्टुलाकडे झुकली.

"विहंगा," ती हळूच म्हणाली, "दारात कोण उभो आसा, बघ रे."

विहंगला सांगायचं होतं की मी आहे, आत्ये, मीच आहे. पण तेवढ्यात...

आतून कुणीतरी स्टूल मागे सरकवलं...

कळशी तिथेच टाकून तो जिना उतरला.

दिवेलागण उलटून गेल्याशिवाय तो अजूनही घरी जात नाही. ती ओळ त्याने बदललेली नाही. आत्याची तब्येत छान सुधारतेय, असं सीमावहिनी सांगते.