तहाची पट्टी

मिरजेच्या चेतासंशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेत सकाळपासून पेढे फिरत होते. रेवती चौगुलेला मुलगी होऊन आठवडा उलटला होता आणि रेवती अजून स्वतःच्या पायांवर उभी होती.

तिच्या शरीराचं संरक्षक सैन्य तिच्याच मज्जातंतूंची आवरणं कुरतडत असे. दोन वर्षं ती चाकाच्या खुर्चीत होती. दिवस गेले आणि पाय परत आले. पोटातलं मूल निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला निम्मं परकंच. त्याला इजा होऊ नये म्हणून हे सैन्य तह करतं. बाळंतपणानंतर तह मोडतो आणि हल्ला पुन्हा जोराने येतो. रेवतीला तर एवढंच हवं होतं, की मुलीला कडेवर घेऊन घरभर हिंडावं.

म्हणून डॉ. मृणाल दीक्षितांनी तहपट्टी बनवली. दंडावर चिकटवलेली ही पट्टी नवव्या महिन्यातली संप्रेरकं रक्तात सोडत राही. "बाळंतपण झालंय हे शरीराला कळतच नाही," असं त्या सहकारी डॉ. मुजावरांना अभिमानाने सांगत. मुजावरांनी तीनशे चाचण्या करून ते सिद्धही केलं होतं.

त्याच दुपारी रेवतीची सासू शेवंताबाई तणतणत आली आणि दोघा डॉक्टरांना केंद्रातल्याच रेवतीच्या खोलीत घेऊन गेली. नातीला अंगावरचं दूध थेंबभरही मिळत नव्हतं. मृणालनी आहार तपासला, मुजावरांनी रक्त तपासलं. दोष कुठेच सापडेना. मग शेवंताबाईने पट्टी कशासाठी ते विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि ती तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"अवो डाक्टरीणबाई, तुमी तिला गाभण ठिवलीया. भरल्या दिसांची म्हस आटती. दूध कुठनं यायचं?"

एवढी शिकलेली माणसं, पण गोठ्यात कुणी डोकावलं नव्हतं. ज्या संप्रेरकाने तह टिकत होता त्यानेच दूध अडत होतं. पट्टी काढली तर दूध येईल, पण पाय जातील.

रेवतीने डोळे पुसले आणि पट्टी सोलायला हात घातला. शेवंताबाईने तो धरला.

"ऱ्हाऊ दे. तुझा नवरा तरी कुठं माझ्या दुधावर वाढला? मला आलंच न्हाई. थोरल्या जावंनं पाजलं त्येला. दूध कुनाचंबी चालतंय. कडंवर मातूर आईच्याच बसायचं असतंय लेकराला."

मुजावर मातृदुग्धपेढीला फोन करायला धावले. तेवढ्यात बाळ रडलं. रेवती उठली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पाळण्यापर्यंत चालत गेली आणि तिने मुलीला उचललं.