लोनली की अलोन?

घरात तिला सगळे ‘घाई’च म्हणायचे. नाव वहिनीने ठेवलेलं, आणि ते शोभायचंही – चहा गाळायच्या आधी कप तोंडाला लावणारी मुलगी! अशा मुलीला नोकरी मिळाली कुठे, तर एका बड्या रेस्टॉरंटच्या दाराशी, पाहुण्यांचं स्वागत करायची. तेही इंग्रजीत. महिनाभर बघू, नाही जमलं तर नारळ, असं मॅनेजरबाईंनी आधीच बजावलं होतं.

पहिल्याच दुपारी छत्री मिटत एक तरुण आत आला. समोरच्या दुकानातला चष्मेवाला. टेबल एकट्यासाठीच हवंय ना, एवढंच विचारायचं होतं. पण घाई ती घाई.

“आर यू लोनली, सर?”

तो थबकला. चष्मा काढून पुसला, परत लावला.

“हो... म्हणजे, आहे थोडा. चेहऱ्यावर इतकं दिसतं का हो?”

“काय विचारलं हिने?” मॅनेजरबाई मागून पुढे आल्या. घाईची पाचावर धारण बसली.

“खिडकीजवळचं टेबल चालेल का, असं,” तो शांतपणे म्हणाला.

पाणी द्यायचं निमित्त करून ती त्याच्याजवळ गेली. “माझं चुकलं ना काहीतरी?”

“जरासं. अलोन म्हणजे समोरची खुर्ची रिकामी. लोनली म्हणजे... ती रिकामी आहे, हे घासागणिक खुपणं.”

“अगं बाई! आणि मी तुम्हाला भर दारात –”

“आपण दोन्हीला एकटाच म्हणतो. मग होणारच घोटाळा.”

तेव्हापासून तो रोज येऊ लागला, आणि रोज एक नवी जोडी शिकवू लागला.

“सेन्सिबल म्हणजे शहाणा, सेन्सिटिव्ह म्हणजे हळवा.”

“मग तुम्ही कोण?”

“दुकानात शहाणा. इथे आलो, की...” आणि तो सूपमध्ये बघत बसायचा. घाईला उगाचच हसू यायचं. घरी ताट वाढतानाही यायचं. वहिनी तिच्याकडे निरखून बघायची.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. मॅनेजरबाई तिच्या शेजारीच उभ्या. आणि दारात नेमका तोच!

“आर यू अलोन, सर?” शब्द अगदी बरोबर आला.

“नो. टेबल फॉर टू, प्लीज.”

घाईने त्याला दोघांचं टेबल दाखवलं. कोण असेल ती? असेना का कोणी, आपल्याला काय! पण जीव कुठे थाऱ्यावर होता? दार उघडलं, की तिची मान आधी वळायची. दुपार सरली तरी समोरची खुर्ची रिकामीच.

“तुला कायम केलं हं,” बाई म्हणाल्या. “आता ड्यूटी संपली तुझी. जाता जाता त्या ठाण मांडून बसलेल्या गिऱ्हाइकाला तेवढं विचार.”

ती टेबलापाशी गेली. आवाज कोरडा ठेवला.

“यायचंय का अजून कोणी?”

“आली की,” तो म्हणाला. “मी... तुमची ड्यूटी संपायची वाट बघत होतो. मला तुम्ही आवडता. फार आवडता. पण उत्तराची मुळीच घाई नाही.”

तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

“असं कसं? घरी मला घाईच म्हणतात.”