विषय : परीक्षक बदलण्याबाबत

"थांबा! तसंच धरा... हलू नका!"

ती जागच्या जागी थिजली. रुमालातून काढलेलं चांदीचं नाणं तिच्या दोन बोटांत होतं, काउंटरच्या काचेपासून वीतभर वर. आणि नाण्याखाली, कुठून तरी धावत आलेल्या एका माणसाचा तळहात. त्याच्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता. त्यातला निम्मा चहा आता त्याच्या शर्टावर होता.

"काचेवर आपटलं असतं," तो धापा टाकत म्हणाला. "आणि कडेनं धरा. चेहऱ्यावर बोटं लावायची नसतात."

"कुणाच्या चेहऱ्यावर?"

"नाण्याच्या," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाजला.

एरवी त्यांची गाठ पडलीही नसती. या कचेरीत लोक जुनी नाणी तपासायला आणत. काउंटरवरच्या बाई फॉर्म भरून घेत, आणि आतले तीन परीक्षक नाणं अस्सल की नकली ते ठरवून, सत्तरपैकी गुण देऊन, कडक पारदर्शक डबीत कायमचं बंद करून देत. पण त्या दिवशी बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. म्हणून त्यानंच काउंटरमागे बसून डोळ्याला भिंग लावलं.

"जहाजाचं नाणं! फार कमी येतात ही." मग त्याचा चेहरा पडला. "अरेरे... हे घासलं कुणी?"

तिनं. चारच दिवसांपूर्वी, भांड्यांच्या पावडरीनं, तासभर बसून. बाबांचं नाणं चार लोकांत जाणार, तर मळकट दिसू नये म्हणून.

"बाबांनी," ती म्हणाली.

का म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही.

"मग त्यांना नाण्यांतलं फारसं कळत नसावं," तो सहज बोलून गेला. "घासलेल्या नाण्याला गुण मिळत नाहीत. अस्सल आहे की नाही तेवढं सांगू."

तिनं मुकाट्यानं फॉर्म भरला आणि बाहेर पडली. घरापर्यंत ते एक वाक्य तिच्या मागोमाग आलं.

वीस वर्षांपूर्वी फ्रिजसाठी साठवलेल्या पैशांतून बाबांनी ते नाणं आणलं होतं. तेव्हापासून दादा त्या नाण्याला 'फ्रिज'च म्हणायचा. "बाबा, तुमच्या फ्रिजमधून थंड पाणी द्या!" सगळे हसायचे, बाबाही हसायचे. पण कपाट बंद करताना ते जरा जास्त वेळ पाठमोरे उभे राहत. बाबा जाऊन आता चार महिने झाले होते. "एकदाचं तपासून घे," दादा म्हणाला होता, "खोटंच असणार." तिला तेवढंच तर हवं होतं, बाबा फसले नव्हते हे कुणीतरी लिहून द्यायला. आणि पहिल्याच दिवशी तिनंच त्यांना अडाणी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. बाईंना म्हणाली, कालच्या साहेबांशी बोलायचंय.

"ते बाबांनी नव्हतं घासलं," तो बाहेर येताच ती एका दमात म्हणाली. "मी घासलं. बाबा तर आम्हाला त्याच्यासमोर शिंकूही द्यायचे नाहीत."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"फॉर्मवर तुम्ही लिहिलंय, ते चार महिन्यांपूर्वी गेले. आणि नाण्याला पावडरीचा ताजा वास." तो घुटमळला. "माझं वाक्य परत घ्यायला बाहेर धावलो होतो... तुम्ही दिसला नाहीत. या, एक गोष्ट दाखवतो."

त्यानं भिंग तिच्या हातात दिलं. नाण्यावर कोरलेल्या जहाजाच्या दोरांमधल्या बारीक खाचांत, जिथे तिचं फडकं पोचलं नव्हतं, तिथे निळसर राखाडी रंग शिल्लक होता. संध्याकाळच्या ढगासारखा.

"हा असा एकसारखा रंग टिकतो तो वर्षानुवर्षं कुणी नीट जपलं तरच. त्यांना कळत होतं. चांगलं कळत होतं."

ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली. तिचे डोळे भरलेत हे ओळखून तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला.

निकालाला सहा आठवडे लागणार होते. 'झालं का?' हे फोनवरही विचारता आलं असतं, पण ती यायची. समोरच्या कोपऱ्यावर चहा व्हायचा. तो प्रत्येक गोष्टीला गुण द्यायचा. चहाला बावन्न, पावसाच्या सरीला पासष्ट.

"आणि मला?" एकदा तिनं छत्री मिटता मिटता विचारलं.

"भिंग आणलं नाही," तो म्हणाला. मग हळूच, "...इतक्या जवळून बघायची हिंमतही नाही."

पाचव्या आठवड्यात कचेरीचं पत्र आलं. विषय : परीक्षक बदलण्याबाबत. सदर नाण्याच्या परीक्षकांनी स्वतःहून माघार घेतली आहे. कारण : अर्जदाराशी जवळचे संबंध. नाणे अन्य दोन परीक्षकांकडे देण्यात आले आहे.

ती तडक कचेरीत गेली. "हे काय आहे?"

"नियम आहे," तो म्हणाला. "आपल्या माणसाचं नाणं तपासायचं नाही."

"कसले जवळचे संबंध? बारा वेळा चहा प्यायलोय आपण!"

"चौदा," पाकिटांवर शिक्के मारता मारता बाई म्हणाल्या.

"जुन्या चांदीतलं इथे तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. त्या दोघांना शंका आली तर? मग माझ्या बाबांचं काय?"

"शंका आली तर मी त्यांच्याशी वाद घालू शकणार नाही, हे खरंय." त्याचा आवाज खाली आला. "पण माझी सही असती तर तिला काय किंमत? उद्या तुमचा दादा म्हणाला असता, सही काय, घरच्या जावयाची आहे."

बाईंचा शिक्का हवेतच राहिला.

"कुणाची?" तिनं विचारलं.

"म्हणजे... उदाहरणार्थ..."

"उदाहरणार्थ जावई?"

"कारण लिहावं लागतं हो! तीन दिवस पेन धरून बसलो. 'ओळख' लिहिलं, खोडलं. 'मैत्री' लिहिलं, तेही खोडलं. या कचेरीत मी आजवर खोटं काही लिहिलेलं नाही..."

तिला अजून रागवायचं होतं, पण राग सापडेना. "आधी मला विचारायचं होतंत."

"चुकलंच."

"मग आता विचारा."

त्यानं बाईंकडे पाहिलं.

"मला काही ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "विचारा."

त्यानं विचारलं, इतकं हळू की बाईंना खरंच ऐकू आलं नाही. तिचं उत्तर मात्र आतल्या खोलीपर्यंत गेलं.

"निकाल काहीही लागू दे. हो!"

निकाल बारा दिवसांनी लागला. डबी हातात घेऊन तिनं दादाला फोन केला आणि वरची चिठ्ठी वाचून दाखवली. "अस्सल. घासलेले, म्हणून गुण नाहीत."

दादानं तिला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"म्हणजे खरं होतं?"

"खरं होतं."

"किती हसलो ग आपण त्यांना..." मग तो खाकरला. "पण घासलं कुणी? बाबा तर हात लावू द्यायचे नाहीत."

"मी घासलं, दादा."

"तू? बावळट कुठली!" आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच दादा पोटभर हसला. तीही हसली, डोळे पुसत.

"सह्या कुणाच्या आहेत?"

"दोघांच्या. दोघांनाही मी ओळखत नाही."

"हे बरं झालं."

"तिसऱ्याला ओळखते," ती म्हणाली. "रविवारी त्याला घेऊन येतेय तुझ्याकडे. वहिनीला सांगून ठेव."

मग फोनपासून लांब, स्वयंपाकघराच्या दिशेनं, दादाचा आवाज :

"अगं... ऐकलंस का?"